माग मंजुरीआधी घेऊ नका

आजोबांचा खड्डामाग (खड्ड्यात पाय सोडून चालवायचा हातमाग) पुन्हा चालू करायचा, दोघा भावांच्या घरात मिळून चार पैठणीचे माग टाकायचे, इथवर तुमची पोस्ट आनंदाने वाचली. पण शेवटी "साहेब म्हणाले अनुदान नक्की, तोवर माग घेऊन टाका" हे वाचलं आणि पोटात गोळा आला. हेच वाक्य आम्ही ऐकलंय.

वही, फणी, धोटा हे मागाचे भाग तुम्हाला सांगायला नकोत, घरचंच आहे. मी फक्त आम्ही कुठे बुडालो ते सांगते.

येवल्यात सासऱ्यांचा एक माग होता, कितीतरी वर्षं त्यावर गोधड्या रचलेल्या. आणखी दोन घ्यायचे म्हणून अनुदानाचा अर्ज केला. त्या कार्यालयात (नाव घेत नाही, घेऊन उपयोगही नाही) खिडकीवरच्या माणसाने सांगितलं, "फाइल झालीच समजा." आम्ही समजलो. सुताराकडून माग करून घेतले, दोन कारागिरांना उचल दिली. चौदा महिन्यांनी मंजुरी आली तेव्हा मागांच्या बिलाची तारीख मंजुरीच्या आधीची! "आधीची खरेदी धरता येत नाही." आणि झालीच समजा म्हणणारा माणूस? त्याची बदली झालेली. मधल्या काळात कधी फोटोत माग नीट दिसत नाही, कधी पासबुकावर नावात काना जास्त. उचल घेतलेला एक कारागीर पदर अर्धा टाकून दुसरीकडे गेला. त्याला तरी काय बोलणार, त्याचंही पोट आहे.

तेव्हा लेखी मंजुरी हातात येईपर्यंत एक खिळासुद्धा विकत घेऊ नका. नियम बदलत असतात, तुमच्या योजनेत खरेदी आधी चालतही असेल, पण तसं कागदावर लिहून घ्या. खरं तर माझं मत विचाराल तर अनुदान मनातून काढूनच टाका. आहे त्या एका मागावर दोन साड्या पुऱ्या करा, मग बघा.

पैसा अडकतो तो रेशमात. कच्चं रेशीम वजनावर घेता, पण धाग्यावरचा नैसर्गिक डिंक काढल्यावर वजन शेकडा 20 ते 25 ने उतरतं. हा हिशोब आम्ही पहिल्यांदा चुकवला आणि बाण्याचं (आडव्या धाग्याचं) रेशीम पदराच्या तोंडाशी संपलं. पुन्हा रंगवून आणलेली लड त्याच रंगाची म्हणून दिली होती. दिव्याखाली सारखी दिसायची, उन्हात धरली की बोटभर पट्टा वेगळा. एका साडीचं रेशीम एकाच वेळी, एकाच भांड्यात रंगवा, थोडं उरलं तरी चालेल. आणि ताणा (उभे धागे) एकाच रंगाचा लावून बाणा बदलत गेलात तर एकाच ताण्यावर वेगवेगळ्या धूपछावी (हलवली की दोन रंग दाखवणाऱ्या) साड्या निघतात, गिऱ्हाइकाला निवड मिळते.

पदराला मात्र जकाट (नक्षी आपोआप उठवणारं जॅकार्ड यंत्र) लावू नका, हे माझं ठाम मत, कुणाला राग आला तरी. तिल्ल्यांनी (रंगीत धाग्याच्या छोट्या कांड्यांनी) हाताने विणलेला मोर उलट बाजूनेही तसाच दिसतो, त्यालाच तर गिऱ्हाईक पैसे मोजतं. उलट बाजूला धागे लोंबत असले की जाणकार बाई साडी घडी करून परत देते.

2010 साली पैठणीला भौगोलिक मानांकन मिळालं, म्हणून तुम्ही आपोआप अधिकृत वापरकर्ते होत नाही, त्याचा अर्ज वेगळा. सिल्क मार्क रेशीम शुद्ध असल्याचं सांगतो, साडी हाताने विणली की नाही हे नाही. त्यासाठी हँडलूम मार्क. दुकानदार हे दोन्ही मुद्दाम एक करून सांगतात.

जाता जाता, पावसाळ्यात ताणा सैल पडतो, घाबरू नका. आणि सांधणीला (नव्या ताण्याचे धागे जुन्याला जोडायला) बसणाऱ्या हातांची नखं, भेगा बघा. आमच्या सासूबाई आदल्या रात्री खोबरेल चोळून झोपायच्या आणि सकाळी पिठाने हात कोरडे करायच्या, कारण रेशमाला तेलाचा डागही चालत नाही आणि फुटलेलं बोटही.

तुम्ही चार माग लिहिलेत, विणायला दोघे भाऊ लिहिलेत. कांड्या कोण भरणार, सांधणीला कोण बसणार? घरातल्या बायका बसणार असतील तर विणकर ओळखपत्राच्या अर्जात त्यांची नावंही घाला. आम्ही घातली नव्हती.