डेस्कटॉपवर कट्टा जमवायचाय? आधी एवढंच कर

इंदूरच्या आपल्या मराठी मंडळींसाठी डेस्कटॉपवरच गप्पा, कोण ऑनलाइन आहे ते आणि थीमची देवाणघेवाण! असं अ‍ॅप बनवायची तुझी कल्पना झकास आहे. केडीईत (लिनक्सवरचा डेस्कटॉप बनवणारा मुक्त प्रकल्प) ‘सोशल डेस्कटॉप’चा, म्हणजे डेस्कटॉपवरूनच लोकांना जोडण्याचा, विचार २००८ मध्येच मांडला गेला होता, तेव्हा सगळं शून्यातून रचू नकोस.

- गप्पांसाठी स्वतःचा प्रोटोकॉल (निरोप पाठवण्याचे नियम) लिहायला बसू नकोस. नवखे हमखास इथेच अडकतात. एक्सएमपीपी किंवा मॅट्रिक्स हे तयार, खुले प्रोटोकॉल आहेत, त्यातला एक घे.
- सूचना डी-बसवरून (प्रोग्रॅमनी एकमेकांशी बोलायची लिनक्सवरची सोय) सिस्टिमच्याच सेवेकडे पाठव. स्वतःच्या खिडक्या उघडल्यास तर ‘व्यत्यय नको’ लावणारा वैतागेल.
- ‘ऑनलाइन आहे’ हे मुळात बंद ठेव, ज्याला हवं तो चालू करेल. पासवर्ड कीरिंगमध्येच, म्हणजे सिस्टिमच्या कुलूपबंद तिजोरीत. साध्या फाइलीत ठेवलेले पाहिले की माझं डोकं फिरतं.

थीमच्या बाबतीत मात्र जपून. मार्च २०२४ मध्ये केडीईच्या स्टोअरवरच्या एका बाहेरच्या थीमने वापरकर्त्याच्या फाइली पुसल्या, कारण प्लाझ्माच्या (केडीईचा डेस्कटॉप) ग्लोबल थीममध्ये, म्हणजे सगळं रूप एकदम बदलणाऱ्या थीममध्ये, कोडही चालू शकतो. तू सुरुवातीला फक्त वॉलपेपर वाटू दे.

फेडरेशन (वेगवेगळे सर्व्हर एकमेकांना जोडणं), एन्क्रिप्शन नंतर बघू. पहिली आवृत्ती इंदूरच्या रामबागेतल्या दोन-चार काका-काकूंच्या संगणकावर लाव आणि शेजारी गप्प बसून बघ.