डॉक्टरकी सोडून लोकांना आरोग्य समजावण्याचं काम पूर्णवेळ करावं का? डिग्री वाया जाते का?

तुम्ही चार गोष्टी विचारल्या आहेत. सहा वर्षं प्रॅक्टिस झाल्यावर पूर्णवेळ यात उतरावं का, त्यासाठी कोणता कोर्स करावा, यात पोट भरतं का, आणि घरचे म्हणतात तशी डिग्री वाया जाते का. पहिल्या तिन्हींवर लिहीन, पण चौथा प्रश्न मलाही एकदा तोंडावर विचारला गेला होता आणि तेव्हा मला उत्तर सुचलं नव्हतं. म्हणून आधी तोच घेते.

मी बालरोग विभागात पहिल्या वर्षाची निवासी डॉक्टर होते. जुलाबाची साथ होती आणि ओपीडीची रांग दाराबाहेर गेली होती. दहा महिन्यांचं एक बाळ आलं. तीन दिवस जुलाब, पण डोळे खोल गेलेले नव्हते, पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली की लगेच जागेवर जात होती, अंगावर नीट पीत होतं. ॲडमिट करण्यासारखं काही नव्हतं. मी ओआरएस, म्हणजे पाण्यात कालवून पाजायची मीठ-साखरेची पूड, आणि झिंक लिहून दिलं, पाकिटं आईच्या हातात ठेवली आणि म्हणाले, "हे पाण्यात मिसळायचं आणि थोडं थोडं पाजत राहायचं. कळलं ना?" ती म्हणाली, "हो मॅडम." तोवर पुढच्या पेशंटचा केसपेपर माझ्या हातात आला होता.

दोन दिवसांनी रात्री तेच बाळ झटके येत असताना आलं. आई सांगत होती की काल दुपारपासून ते वेगळ्याच आवाजात किंचाळत होतं, भांडं दिसलं की झडप घालत होतं, आणि जितकं पाजावं तितकं आणखी मागत होतं. कातडी हाताला मळलेल्या कणकेसारखी लागत होती. रक्तातल्या सोडियमचा, म्हणजे मिठाचा, रिपोर्ट आला १७१. असायला हवं १३५ ते १४५.

मी आईला विचारलं, ओआरएस दिलंत का? तिने पिशवीतून रिकामी पाकिटं काढली. चार होती, प्रत्येक नीट घडी घातलेलं. सगळं औषध दिलं, काही टाकलं नाही, हे मला दाखवता यावं म्हणून तिने ती जपून ठेवली होती. मग तिने हातानेच भांड्याची उंची दाखवली आणि म्हणाली, "एका भांड्याला एक पाकीट." ते पाकीट एक लीटरचं होतं आणि तिच्या हाताने दाखवलेलं भांडं फार तर २०० मिलीचं. म्हणजे पाचपट तीव्र पाणी. बाळ तहानेने कासावीस होत होतं आणि ती माउली माझ्या सांगण्याप्रमाणे त्याला आणखी मीठ पाजत होती.

असं सोडियम झटकन उतरवता येत नाही. रक्तात मीठ वाढलं की मेंदूच्या पेशींतलं पाणी बाहेर ओढलं जातं, आणि आपण घाईने सोडियम खाली आणलं तर तेच पाणी उलट आत घुसून मेंदूला सूज येते. २४ तासांत ते १० ते १२ अंकांहून जास्त उतरू द्यायचं नाही. म्हणजे तीन दिवस सलाइनचा वेग मोजायचा, दर चार तासांनी रक्त काढायचं, आणि आई शेजारी बसून प्रत्येक सुईला "आता बरं आहे का?" विचारणार. बाळ वाचलं. त्या तीन दिवसांत तिने मला एकदाही बोल लावला नाही.

राउंडला मी माझ्या वरिष्ठ डॉक्टरांना म्हणाले, "सर, किती पाण्यात मिसळायचं ते मी सांगितलं नव्हतं." सर म्हणाले, "पाकिटावर लिहिलेलं असतं. आई अडाणी असली की असंच होतं. फाइलवर नोंद कर." मी केली: 'आईने चुकीच्या पद्धतीने द्रावण तयार केले.' माझ्या अक्षरात, माझ्या सहीने. ती आई अडाणी नव्हती. तिला वाचता येत होतं. पाकिटावरचा मजकूर तिच्या भाषेत नव्हता आणि तो मुंगीएवढ्या अक्षरात होता. त्या फाइलवर दोष माझ्या नावे पडायला हवा होता, तो मी तिच्या नावे लिहिला. इतकी वर्षं झाली, ते वाक्य मला अजून शब्दन्‌शब्द पाठ आहे.

पुढे आठ वर्षं मी बालरोगतज्ज्ञ म्हणून काम केलं आणि मग राजीनामा दिला. तेव्हा तेच सर म्हणाले, "पाकिटावरचं वाचून दाखवायला एमडी कशाला लागते?" मी गप्प राहिले. आज सांगते, लागते.

माझं पहिलं काम म्हणजे जुलाबावरचं एक माहितीपत्रक. मी त्यात चौदा मुद्दे घातले. सगळे बरोबर होते. छापायच्या आधी आम्ही ते काही आयांच्या हातात दिलं आणि विचारलं, यात काय सांगितलंय? पाकिटाचं चित्र, मग अधिकचं चिन्ह, मग पाण्याच्या बाटलीचं चित्र असं मी काढून घेतलं होतं. एक बाई बोट ठेवत म्हणाली, "पाकीट घेऊन दवाखान्यात जायचं, तिथे पाणी देतात." अधिकचं चिन्ह तिने फक्त दवाखान्याच्या पाटीवर पाहिलं होतं. तिचं वाचन अचूक होतं, चित्र माझं चुकलं होतं. ते मी चार वेळा बदललं.

आणि चौदा मुद्द्यांचे तीन केले. किती पाण्यात कालवायचं, दूध बंद करायचं नाही, आणि कोणती लक्षणं दिसली की क्षणभर न थांबता निघायचं. हे तीनच का आणि बाकीचे अकरा का गाळले, हे ठरवायला आजार कळावा लागतो. कोणती चूक निस्तरता येते आणि कोणती जिवावर बेतते, हे मी वॉर्डात शिकले, दुसरीकडे कुठे नाही. डिग्री तिथे लागते. सांगायचं काय हे कोणीही पुस्तकातून उचलू शकतो. गाळायचं काय, हे ज्याने झटके आलेलं बाळ हातात धरलंय तो जबाबदारीने ठरवतो.

ओआरएसचा इतिहास तुम्ही परीक्षेपुरता वाचला असेल. तो पुन्हा या नजरेने वाचा. १९७१ मध्ये पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलऱ्याची लाट आली, सलाइन संपत आलं, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचं पाणी ड्रममधून वाटलं आणि ते पाजायचं काम नातेवाइकांवर सोपवलं. त्यांच्या देखरेखीखालच्या रुग्णांतलं मृत्यूचं प्रमाण ३ ते ४ टक्क्यांवर आलं. एरवी ते ३० टक्क्यांच्या आसपास होतं. हे औषध दवाखान्याबाहेरही चालतं हे सिद्ध झालं ते असं, घरच्यांच्या हातून. पण ते घराघरात पोचवायला आणखी एक दशक आणि वेगळ्याच प्रकारची माणसं लागली. बांगलादेशात ब्रॅक या संस्थेने १९८० पासून घरोघरी बायका पाठवल्या. तीन बोटांची एक चिमूट मीठ, मूठभर गूळ, अर्धा शेर पाणी, आणि हे आईने स्वतःच्या हाताने करून दाखवायचं. दहा वर्षांत एक कोटीहून जास्त घरं झाली. यातली मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती पगाराची पद्धत. काही दिवसांनी दुसरा माणूस जाऊन त्यातल्या काही आयांना विचारायचा, त्यांनी केलेल्या पाण्याचे नमुने तपासायचा, आणि आईला जितकं आठवत असेल त्यावर शिकवणारीचा मोबदला ठरायचा. आईला आठवलं नाही तर कमी पैसे शिकवणारीला. सरांनी आणि मी त्या फाइलवर जे लिहिलं त्याच्या बरोबर उलट हिशेब, आणि तोच खरा हिशेब आहे.

आता तुमचे बाकीचे प्रश्न.

कोर्स. एमपीएच, म्हणजे सार्वजनिक आरोग्यातली पदव्युत्तर पदवी, केलंत तर साथरोगशास्त्र आणि आकडे वाचायची शिस्त येईल, ती हवीच. लिहायला-बोलायला तो कोर्स शिकवणार नाही. आकडे मात्र गंभीरपणे शिका, कारण अर्धवट सांगितलेल्या आकड्यानेही माणसांचं नुकसान होतं. १९९५ मध्ये ब्रिटनमध्ये औषध-सुरक्षा समितीने जाहीर केलं की काही नव्या गर्भनिरोधक गोळ्यांनी रक्ताची गुठळी होण्याचा धोका दुप्पट होतो. बातम्यांत 'दुप्पट' एवढंच आलं. धोका मुळात सात हजारांत एकीला होता, तो सात हजारांत दोघींना झाला होता. घाबरून असंख्य बायकांनी गोळ्या सोडल्या, आणि पुढच्या वर्षी इंग्लंड-वेल्समध्ये सुमारे १३,००० जास्त गर्भपात झाल्याचा अंदाज आहे. आणि गरोदरपणात तर गुठळीचा धोका त्या गोळीपेक्षा मोठा असतो. समितीचं विधान शंभर टक्के खरं होतं, तरी एवढं नुकसान झालं. म्हणून 'मी खरं तेच सांगितलं' हे डॉक्टरचं समर्थन मी मान्य करत नाही. तुम्ही व्हिडिओत 'दुप्पट', 'निम्मा' म्हणणार असाल तर कितीचा दुप्पट हे त्याच श्वासात सांगा, नाहीतर ते वाक्य काढून टाका.

पूर्णवेळ उतरावं का? आठवड्यातली एक ओपीडी सोडू नका. मी दोन वर्षं सोडली होती आणि माझं लिखाण फिकं झालं. लोक काय विचारतात हे विसरले आणि लोकांनी काय विचारायला हवं यावर लिहू लागले. तुमचे व्हिडिओ चालतात असं तुम्ही लिहिलंय. चांगलं आहे, पण किती जणांनी पाहिलं हा आकडा माझ्या लेखी काही सांगत नाही. पाहिल्यावर आईने पाणी किती घेतलं, हे तुम्हाला माहीत आहे का? पाच जणांना तरी फोन करून विचारता का? ते करत नसाल तर तुम्ही अजून बोलताय, समजावत नाही आहात.

पोट भरण्याबद्दल थोडक्यात सांगते. प्रॅक्टिसएवढा पैसा मिळत नाही. जो पटकन मिळतो तो औषध आणि पूरक आहार विकणाऱ्यांकडून मिळतो. तो घेऊ नका. एकदा घेतलात की तुमचं खरं बोलणंही लोक जाहिरात म्हणून ऐकतील आणि त्यांचं चूक नसेल.

घरच्यांना उदाहरण हवं असेल तर सी. एव्हरेट कूप यांचं द्या. लहान मुलांचे नावाजलेले सर्जन. १९८२ मध्ये अमेरिकेचे सर्जन जनरल झाले, म्हणजे ज्या पदाकडे देशाला आरोग्याबद्दल सांगण्याखेरीज फारसे अधिकार नसतात तिथे गेले. धार्मिक, जुन्या वळणाचे गृहस्थ. एड्सबद्दल ते गुळमुळीत बोलतील अशी त्यांच्याच गोटाची अपेक्षा होती. त्यांनी १९८८ मध्ये देशातल्या जवळपास प्रत्येक घरी, दहा कोटींहून जास्त पत्त्यांवर, एड्सवरची पुस्तिका टपालाने पाठवली आणि तिच्यात निरोध हा शब्द सरळ लिहिला. हातातली सुरी खाली ठेवल्याने त्यांच्यातला सर्जन वाया गेला असं कोणी म्हणू शकेल का? सर, तुम्ही म्हणाल का?

काही गोष्टी आधी सांगायला हव्या होत्या, त्या आता सांगते. वर मी डॉक्टरच लागतो असं ठासून लिहिलंय, पण मी पाहिलेली सर्वांत चांगली समजावणारी माणसं आरोग्यसेविका होत्या आणि त्यांनीच माझं चित्र दुरुस्त केलं. डॉक्टर गाळायचं काय ते ठरवू शकतो, शब्द बहुधा त्याला सापडत नाहीत. तेव्हा एकट्याने करू नका. घरावर कर्ज असेल, लहान मुलं असतील तर नोकरी एकदम सोडू नका, अर्धवेळ करून बघा. वैद्यकीय नोंदणीचं नूतनीकरण चुकवू नका. कोणी संदेशात रिपोर्टचा फोटो पाठवून औषध विचारलं तर कितीही दया आली तरी लिहून देऊ नका, जवळच्या डॉक्टरकडे पाठवा. तुमच्याकडून चुकीचं काही सांगितलं गेलं तर ते गुपचूप पुसू नका. जिथे चूक सांगितली तिथेच, तेवढ्याच मोठ्या आवाजात दुरुस्त करा.

आणि ओआरएसची पाकिटं आजही दोन मापांत येतात, एक लीटरचं सुमारे २१ ग्रॅम आणि २०० मिलीचं सुमारे ४ ग्रॅम. उद्या ओपीडीत पाकीट देताना आईला ते उलटं करून त्यावरचं माप दाखवा, आणि ती घरी कोणत्या भांड्यात कालवणार आहे ते तिच्याच तोंडून ऐका. "कळलं ना?" असं विचारू नका.