भुंगेऱ्याच्या पंखाखालचे कोळी

प्रश्न : खानापूर तालुक्यात आमची आंब्याची जुनी बाग आहे. यंदा पानांवर खरवडल्यास सुटणारे पांढरे गोल ठिपके फार वाढले असून कच्च्या रस्त्यालगतच्या झाडांवर ते सर्वांत जास्त आहेत. त्यांच्यात मसुराएवढे काळे चकचकीत भुंगेरे फिरतात. एका भुंगेऱ्याचे वरचे पंख सुईने उचलले, तेव्हा आतल्या बाजूस अगदी बारीक फिकट कण चिकटलेले दिसले. औषध दुकानदार म्हणतात, हे कोळी आहेत. कोळीनाशक व कीटकनाशक एकत्र फवारा. काय करावे?

उत्तर : तूर्त काहीही फवारू नये. दुकानदारांनी कोळी (जाळे विणणारे नव्हेत, तर ‘माइट’ म्हणतात ते सूक्ष्म कोळी) बरोबर ओळखले, पण सगळेच कोळी झाडाच्या मुळावर उठलेले नसतात.

आपल्या वर्णनावरून ही आंब्यावरील पांढरी खवले कीड आहे. गोल पापुद्र्याखाली मादी असते आणि तिच्या आजूबाजूला जे लांबट, बारीक पांढरे तुकडे दाटलेले दिसतात, ते नर होत. काळा भुंगेरा म्हणजे खवल्यांवरच जगणारा ढालकिडा, कायलोकोरस नायग्रिटा. तो मूळचा आपल्याच भागातला असून १९३८ साली नारळावरील खवल्यांच्या बंदोबस्तासाठी भारतातून सेशेल्स बेटांवर नेण्यात आला होता.

त्याच्या पंखाखाली आढळणाऱ्या कोळ्यांमध्ये हेमिसार्कोप्टिस हा गट विशेष लक्षात ठेवण्याजोगा आहे. हा कोळी पापुद्र्याखाली शिरून खवल्याची अंडी आणि मादी शोषून खातो. त्याला पंख नाहीत, चालून तो फार दूर जाऊ शकत नाही. म्हणून त्याच्या वाढीत एक अवस्था अशी येते, की तिला खाण्यासाठी तोंड नसते, पण शरीराच्या मागच्या भागावर चूषके असतात. त्या चूषकांनी ती कायलोकोरस भुंगेऱ्याच्या कठीण पंखाला आतून चिकटते, वाटेत त्याच्या अंगातील द्रवावर पोसते आणि भुंगेरा दुसऱ्या झाडावरच्या खवल्यांवर उतरला की तीही उतरते. कॅनडात सफरचंदावरील खवल्यांविरुद्ध या कोळ्याची एक जात १९१७ साली देशाच्या पूर्व भागातून ब्रिटिश कोलंबियात नेऊन सोडली होती. आपण पाहिलेले कण भिंगाखाली चपटे आणि एकसारख्या आकाराचे दिसले, तर ते असेच प्रवासी समजावेत. फुगीर, जागचे न हलणारे आणि भोवती अंडी असलेले दिसले, तर ते भुंगेऱ्याचेच रक्त शोषणारे परजीवी कोळी होत. दोन्हींपैकी एकही आंब्याचे पान खात नाही.

रस्त्यालगतच्या झाडांचे आपले निरीक्षण मला फार मोलाचे वाटते. तांबड्या मातीची धूळ पानांवर बसली, की खवल्यावर अंडी घालणाऱ्या ॲफायटिससारख्या जेमतेम एक मिलिमीटरच्या परजीवी माश्यांचे काम अडते आणि खवल्यांना रान मोकळे मिळते. ती झाडे अधूनमधून साध्या पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने धुवावीत. मोहरावरील भुरीसाठी आपण गंधक वापरत असाल, तर तेही रोग दिसेल तिथेच आणि मोहरापुरतेच ठेवावे. गंधक कोळ्यांना मारते आणि या माश्यांनाही बाधते. काढणीनंतर आतल्या दाट फांद्या विरळ कराव्यात. त्यानंतरही सुईने उचललेल्या पापुद्र्यांखाली बहुतेक माद्या रसरशीत निघाल्या, तर रांगती पिल्ले बाहेर पडण्याच्या सुमारास बागायती खनिज तेलाची फवारणी करावी. पापुद्र्याला नेटके गोल छिद्र असेल, तर तिथून माशी बाहेर पडली आहे असे समजावे.

प्रश्न : निपाणीजवळच्या आमच्या पेरूवर पांढरी पिठासारखी कीड, काळी काजळी आणि मुंग्यांची रांग आहे. मुंग्यांचा काही संबंध आहे का?

उत्तर : निकटचा संबंध आहे. पिठ्या ढेकूण गोड चिकट द्रव टाकतो, त्यावर काजळी वाढते, आणि त्या द्रवासाठी मुंग्या मित्रकीटकांना हुसकावून लावतात. (आंब्यावरील पांढरी खवले कीड असा द्रव टाकत नाही.) खोडाला चिकट पट्टी बांधावी आणि जमिनीला टेकलेल्या फांद्या छाटाव्यात, नाहीतर मुंग्या त्याच वाटेने चढतात.

एक काळजी मात्र आवर्जून घ्यावी. १८९८ साली कॉफीवरील खवल्यांसाठी ऑस्ट्रेलियातून भारतात आणलेला क्रिप्टोलिमस भुंगेरा आज पिठ्या ढेकणावर सोडला जातो, आणि त्याची अळी मेणाच्या पांढऱ्या झिरमिळ्यांमुळे हुबेहूब पिठ्या ढेकणासारखी दिसते. कीड पुसून काढताना गवताच्या काडीने हलकेच डिवचावे : ढेकूण जागीच राहतो किंवा रेंगाळतो, अळी झपाट्याने चालू लागते. चालणारी अळी झाडावरच सोडावी.