बंद झालेले खाते आणि दाद मागण्याची वाट

प्रश्न : रावेरजवळ आम्ही केळीचे वेफर्स करतो. विक्रीचे आमचे समाजमाध्यमावरील खाते अचानक निलंबित झाले. युरोपात अशा वेळी त्रयस्थ संस्थेकडे जाता येते, असे वाचले. आम्हालाही जाता येईल का?

उत्तर : ती सोय युरोपीय संघातील वापरकर्त्यांपुरती आहे, शिवाय त्या संस्थांचा निर्णय कंपनीवर बंधनकारक नसतो, तेव्हा हेवा नको. आपल्याकडे माहिती तंत्रज्ञान नियमांच्या २०२२ च्या दुरुस्तीतून आलेली, केंद्र सरकारने नेमलेली तक्रार अपील समिती आहे, आणि तिचा आदेश कंपनीला पाळावा लागतो. मात्र आधी कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे रीतसर तक्रार करावी (ॲपमधील कळ दाबून भागवू नये), आणि त्याचे उत्तर न पटल्यास, ते मिळाल्यापासून ३० दिवसांच्या आत, घरबसल्या समितीच्या संकेतस्थळावर अपील दाखल करावे. निलंबनाची सूचना व तक्रार क्रमांक आजच जपून ठेवा.