‘सॉरी’ने सुरू होणारा मेल

मुंबईतल्या लॉ फर्ममधल्या वकिलांकडून एक काळजी मी समुपदेशक म्हणून इतक्या वेळा ऐकली आहे, की आता ती पहिल्या वाक्यातच ओळखू येते. ‘कामाच्या वेळा बदलून मागितल्या, तर मला कायमचं बाजूला टाकतील का?’ विचारणाऱ्यांत तान्ह्या बाळांच्या आया असतात, तसे आजारी वडिलांना सांभाळणारे मुलगेही असतात.

त्यातल्या एकीबद्दल सांगते, ओळखीच्या खुणा बदलून. कंपन्यांच्या खरेदी-विक्रीचे करार करणारी, नऊ वर्षं मुरलेली वकील. लेक चौदा महिन्यांची. रोज ठाण्याहून फोर्टला जाणं-येणं.

“मॅडम, आमच्याकडे सहा-सहा मिनिटांचा हिशोब टाइमशीटमध्ये भरावा लागतो,” ती म्हणाली. “लेकीला भरवतानाही डोक्यात तेच चालू असतं.”

मी कायद्याचं विचारलं. ते तिला पाठच होतं. मातृत्व लाभ कायद्यातल्या 2017 च्या दुरुस्तीनंतर पहिल्या दोन मुलांसाठी 26 आठवड्यांची पगारी प्रसूती रजा मिळते. रजेनंतर कामाचं स्वरूप तसं असेल, तर मालक आणि कर्मचारी दोघांच्या संमतीने घरून काम करता येतं. “पण आम्ही पगारदार कुठे असतो? बार कौन्सिलच्या नियम 49 प्रमाणे वकिली करणाऱ्याला पूर्णवेळ पगारी नोकरी चालत नाही. म्हणून माझा करार फीचा. हक्क म्हणून भांडायचं तर तिथूनच वाद सुरू होईल.”

म्हणजे जे मिळायचं ते बोलूनच मिळणार होतं. आणि बोलायला तिची जीभ रेटत नव्हती.

“मी सतत उपलब्ध असायलाच हवं,” दुसऱ्या भेटीत ती म्हणाली.

“असायला हवं, की असायलाच हवं?”

तिने चमकून पाहिलं. माझं बरंचसं काम या एका ‘च’भोवती चालतं. ‘उपलब्ध असलेलं बरं’ ही इच्छा आहे, तिच्याशी वाटाघाट करता येते. ‘च’ लागला की तिचा हुकूम होतो, आणि तो मोडल्याबद्दल माणूस स्वतःलाच शिक्षा देत राहतो.

तिसऱ्या भेटीत तिने फर्मच्या पार्टनरना, म्हणजे तिच्या वरिष्ठांना, लिहिलेला मेल वाचून दाखवला. त्यात तीन वेळा ‘सॉरी’ होतं आणि ‘शक्य असेल तर थोडं लवकर निघू द्यावं, मानधन कमी झालं तरी चालेल’ असं. मी एवढंच विचारलं, “हा मसुदा तुमच्या अशिलाने आणला असता, तर त्याला सही करू दिली असतीत?”

ती बराच वेळ गप्प होती. मग तिने माझ्या टेबलावरचं पेन उचललं आणि ओळी खोडायला लागली. “यात काहीच ठरत नाहीये,” ती म्हणाली. “पैसे कमी होणार, एवढंच पक्कं आहे.”

त्या क्षणी मलाही एक गोष्ट लख्ख दिसली. अपराधी वाटणारा माणूस मागणी मुद्दाम धूसर ठेवतो, कारण स्पष्ट मागणं त्याला उद्धटपणा वाटतो. मग मानधन कमी होतं, आणि काम मात्र रात्री अकरापर्यंत पूर्वीसारखंच येत राहतं. हे मी कितीतरी जणांच्या बाबतीत पाहिलं आहे. ‘सवलत’ हा शब्दच आधी सोडा, असं मी आता प्रत्येकाला सांगते. व्यवस्था मागा. घरून कोणते दिवस, संध्याकाळी कोणत्या वेळेत फोन घेणार नाही, तेव्हा अशिलाला उत्तर कोण देईल, हे लिहा. मानधन घटत असेल तर तासांचं टार्गेटही त्याच प्रमाणात घटलं पाहिजे. हे कलम सगळेच विसरतात. बढतीसाठी ही वर्षं कशी धरणार, तेही आधीच विचारा. आणि तीन महिन्यांनी आढावा ठेवा, म्हणजे समोरच्यालाही होकार देणं सोपं जातं.

तिने दीड पानाचा मसुदा केला. संध्याकाळी साडेपाच ते साडेआठ लेकीचे. क्लोजिंगच्या, म्हणजे व्यवहार पूर्ण होण्याच्या, आठवड्यात मात्र पूर्णवेळ, आणि त्याबदल्यात नंतर दोन दिवस सुट्टी. पार्टनरनी बाकीचं मान्य केलं, सुट्टी एका दिवसावर आणली. तिने दीड दिवस मागितला आणि मिळवला.