हॉस्टेलच्या वायफायला चॅनल ‘ऑटो’ ठेवावं की हाताने लावावं?

तीन मजले, सहा अ‍ॅक्सेस पॉइंट, म्हणजे वायफाय पसरवणारे डबे, सगळे ऑटोवर, म्हणजे चॅनल (लहरींची गल्ली) डबाच निवडतो, तरी रात्री मुलांची ओरड, असं तुम्ही लिहिलंय. २.४ गिगाहर्ट्‌झचं ऑटो आजच बंद करा. ५ गिगाहर्ट्झच्या पट्ट्याचं राहू द्या, पण लगाम घालून.

इंदुरात भंवरकुआंजवळ एका मराठी काकूंच्या हॉस्टेलमध्ये मी हेच भोगलंय. लावलं तेव्हा झकास चाललं. आठवड्याने काकूंचा फोन, “अरे, काल लाइट जाऊन आली तेव्हापासून तुझं वायफाय रुसलंय.” जाऊन मोबाइलवर कोणतं वायफाय कुठल्या चॅनलवर आहे ते दाखवणारा अ‍ॅनालायझर उघडला, तर सहाच्या सहा डबे चॅनल ६ वर! बरेच स्वस्तातले डबे चॅनल फक्त चालू होतानाच निवडतात. काही सेकंद कानोसा घेतात, शांत वाटेल तिथे बसतात. लाइट आली तेव्हा सगळे एकदम जागे झाले. शेजारचा अजून मुकाच, म्हणून प्रत्येकाला तीच जागा मोकळी दिसली. नंतर कोण कशाला उठतोय? यूपीएसचं नाव काढलं तर काकूंनी पोह्यांची बशी पुढे सरकवली.

२.४ मध्ये चॅनलं ५-५ मेगाहर्ट्‌झवर, पण प्रत्येकाची रुंदी २०. म्हणून एकमेकांच्या अंगावर न जाणारी तीनच: १, ६, ११. तळमजल्याला १ आणि ६, पहिल्याला ११ आणि १, दुसऱ्याला ६ आणि ११, म्हणजे डोक्यावर डोकं येत नाही. रुंदी २०च ठेवा, ४० नको. पॉवरही उतरवा, नाहीतर तळमजल्याचा १ वरच्या १ ला ऐकू येत राहतो आणि दोघं ताटकळतात.

५ मध्ये ऑटोला ३६ ते ४८ आणि १४९ ते १६१ एवढीच मुभा द्या, रुंदी ४०. ८० केलीत तर एवढ्यात दोनच जागा बसतात. ५२ ते १४४ रडारच्या वाटणीची: तिथे सुरू होण्याआधी निदान मिनिटभर ऐकत बसावं लागतं, आणि रडारसारखं काही जाणवलं की चॅनल सोडायचं, अर्धा तास तिकडे फिरकायचं नाही. चालू ऑनलाइन क्लासमध्ये हे झालं की शिव्या तुम्हालाच.

सगळे डबे एकाच जागेवरून सांभाळणारा कंट्रोलर असेल तर चॅनलची फेरनिवड पहाटे ४ ला लावा. पाहणी मात्र रात्री १० ला करा. दुपारी मुलं क्लासला असतात, हवा खोटी शांत दिसते.

आणि चॅनलचा आकडा मार्करने डब्यावर लिहून ठेवा. आता काकूच फोनवर सांगतात, “जिन्यातला ११ वाला बंद आहे रे.”