अमेरिकेत हॉटेलात वेटरला दोन डॉलरच्या नोटांची टिप दिली तर चालते का?

चालते की! नोट एकदम कायदेशीर आहे, पुढे अमेरिकेचे तिसरे राष्ट्राध्यक्ष जेफरसन आणि मागे, 1976 पासून, स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याचं चित्र. फक्त रोज हातात येत नाही म्हणून एखादा नवखा कॅशियर खोटी समजून उजेडाला धरून बघतो, आपल्याकडे दहाच्या नाण्याला दुकानदार नाक मुरडतात ना, रिझर्व्ह बँकेने कितीही सांगितलं तरी, तसंच. मी एकदा 22 डॉलरच्या बिलावर अशा दोन करकरीत नोटा ठेवल्या तर वाढणारी बाई जाम खूश, एक लगेच घडी करून पर्सच्या आतल्या कप्प्यात, म्हणे ही लकी असते, मोडायची नाही.

आता मोडायचीच नाही म्हणजे घरखर्चाला तेवढे कमीच पडले ना! तिथे टिपवाल्या कामाचा केंद्रीय किमान पगार तासाला 2.13 डॉलर, 1991 पासून तेवढाच (काही राज्यांत जास्त आहे), म्हणून 15-20 टक्के साध्या पैशात द्याच आणि ही नोट वरून हौस म्हणून ठेवा. आठवण म्हणून आपली शंभराची नोट मात्र नको, बिचारी ती बदलून घ्यायला कुठे जाणार?